बेटांचा तक्ता

मालदीव सगळ्यात आधी बाद झालं, कारण त्याच्या आत्याला पोहता येत नाही. पाण्यात खांब रोवून बांधलेल्या लाकडी खोल्या, खोलीच्या पायरीला समुद्र, आणि आत्यांची गुडघेदुखी. मी म्हटलं, आत्यांना पोहायला कोण सांगतंय, अक्षता टाकायच्या आणि जेवायचं. पण तो गंभीरपणे म्हणाला, "नाही गं, म्हाताऱ्या माणसांचा विचार करायला हवा." मला त्याचं इतकं कौतुक वाटलं! आत्याच्या गुडघ्यांचा विचार करणारा माणूस माझाही करेलच, असं मी सरळ धरून चालले. त्या दिवशी ऑफिसात तीन जणींना मी ही गोष्ट सांगितली.

आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरून बसायला नको. ते लग्न झालं नाही. आशा धरून बसायचं काम तेरा महिने मी केलं आहे. एकीने केलं तेवढं पुरे.

आम्ही बेंगळुरूचेच. आजोबा इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला आले, अण्णा म्हणजे माझे वडील त्याच कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले, आणि जयनगरच्या ज्या घरात मी लहानाची मोठी झाले त्याच घरात आम्ही तिघं अजून राहतो. आई बेळगावची. तिच्या बोलण्यात मराठी कुठे संपतं आणि कन्नड कुठे सुरू होतं हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही. तो पुण्याचा. नोकरीसाठी आलेला, एचएसआर लेआउटमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. लग्नाचं ठरलं तेव्हा आम्ही चार वर्षं बरोबर होतो. साखरपुडा आमच्याच घरी, हॉलमधला सोफा गच्चीवर नेऊन ठेवून, पस्तीस माणसांत झाला.

बेटावर लग्न ही कल्पना त्याची. चाळीस माणसं, चार दिवस. लग्न लागलं, जेवणं झाली की सगळे परत निघतील आणि आपण दोघं तिथेच राहू. हनिमूनला वेगळं कुठे जायलाच नको. "सगळे विमानतळाच्या बसमध्ये बसतील आणि आपण किनाऱ्यावरून हात हलवू," असं तो म्हणाला होता. खरं तर मला पंगतीतलं लग्न आवडतं. केळीचं पान, वाढपी, "अजून एक जिलेबी" म्हणून मागे लागणारे काका, हे सगळं मला हवं होतं. पण त्याने ते हात हलवायचं वाक्य म्हटलं आणि मी जिलेबी सोडून दिली.

तो स्वभावानेच चिकित्सक. कुकर घ्यायचा होता तर महिनाभर लोकांचे अभिप्राय वाचत बसला, आणि महिनाभर कढईत भात शिजवून खाल्ला. त्यामुळे बेटांसाठी त्याने लॅपटॉपवर तक्ता केला तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. डाव्या बाजूला बेटांची नावं, वर रकाने. विमान थेट आहे का, पाऊस कधी, शाकाहारी स्वयंपाकी मिळतो का, दवाखाना किती लांब, किनाऱ्यावर होम करायला परवानगी आहे का. जमलं तर हिरवा रंग, नाही जमलं तर लाल. दर रविवारी सकाळी आम्ही त्याच्या घराजवळ उभ्या उभ्या डोसा खायचो, कॉफी घ्यायचो आणि वर जाऊन तक्ता भरायला बसायचो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे रविवार ते. हे मी आज लिहिते आहे, सगळं माहीत असूनही, आणि ते खोटं नाही.

मॉरिशसला तेव्हा वादळांचे महिने होते. बालीला त्याच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न झालं होतं, "लोक म्हणतील नक्कल केली." श्रीलंका फारच जवळ, "मग बेटावर गेल्यासारखं काय वाटणार?" फुकेतला गर्दी. लक्षद्वीपला परवाना लागतो, आणि चाळीस जणांचे परवाने एका वेळी आले नाहीत तर? प्रत्येक कारण रास्त होतं. म्हणजे बघा, एकही कारण असं नव्हतं की ज्यावर मी भांडावं. मी भांडखोर आहे, सगळी गल्ली जाणते. रिक्षावाल्याशी भांडते, बँकेत भांडते. पण भांडायलाही समोरून काहीतरी वाकडं यावं लागतं. त्याचं सगळं सरळ होतं.

आमचे गुरुजी जयनगरातलेच, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारे. त्यांना मी सांगायला गेले तर ते दोन प्रश्नांवर अडले. एक, समुद्राच्या वाऱ्यात होमाचा अग्नी टिकेल का. दुसरा, सूर्योदय कुठला धरायचा. मुहूर्त जागेप्रमाणे काढायचा असतो, बेंगळुरूचा मुहूर्त मॉरिशसला चालत नाही. "सरी, बरं, बेटाचे रेखांश पाठव," म्हणाले. मी पाठवले. मग दुसऱ्या बेटाचे पाठवले, मग तिसऱ्या. पाचव्या वेळी त्यांचा फोन आला. "अगं, मी पाच ठिकाणचे सूर्योदय मांडीवर घेऊन बसलोय. एक कुठला तरी घे गं बाई, बाकीचे मी खाली ठेवतो." आम्ही दोघं त्या रविवारी या वाक्यावर पोट धरून हसलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं हसून हसून. हसूनच आलं असं तेव्हा वाटलं.

अण्णांना तक्त्याचा पत्ता लागला तेव्हा ते खूश झाले. जन्मभर त्यांनी हेच केलेलं. कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, वर फाईल पाठवायची. त्यांनी माझ्याकडून तक्त्याची छापील प्रत मागून घेतली, चष्मा लावला, पेन्सिल घेतली, आणि दहा मिनिटांत एक चूक काढली. "यात निर्णयाची तारीख नाही."

"कसली तारीख?"

"अमुक तारखेला तक्ता बंद करायचा आणि त्यातलंच एक घ्यायचं, ही तारीख. ती आधी लिहितात, मग बाकीचं."

मी त्याला तसं सांगितलं. "अण्णा ग्रेट आहेत," तो म्हणाला, आणि त्याने लगेच तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ वाढवली. निर्णयाची तारीख. पुढचा चौकोन रिकामा ठेवला. "पुण्याला आईशी बोलून टाकतो," म्हणाला.

तो चौकोन चार महिने रिकामा होता. मी दर रविवारी त्याच्याकडे बघत होते आणि बघत नव्हते.

मधल्या काळात आईने मला साड्यांसाठी चिकपेटला नेलं. तिथे ज्या दुकानात ती तीस वर्षं जाते तिथल्या मालकांना तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं की मुलीचं लग्न समुद्राकाठी आहे. ते काळजीत पडले. "उप्पु गाळी, अक्का. जरी कप्पागुत्ते." खारा वारा, जरीचे काठ काळे पडतील. मग त्यांनी सगळ्या जरीच्या साड्या बाजूला सारल्या आणि साध्या रेशमाच्या काढल्या. एक हळदी रंगाची आईने माझ्या खांद्यावर टाकून बघितली आणि ती नुसती बघत राहिली. मालकांनी वही उघडली. फॉल, पिको, ब्लाऊज, सगळं करून द्यायचं तर लग्न कधी, असं त्यांनी विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जागा ठरली की तारीख ठरेल." आईने तेच कन्नडमध्ये त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, काही घाई नाही, बाजूला ठेवतो. माझे कान गरम झाले. दुकानात पंखा चालू होता आणि आजूबाजूला दहा-बारा बायका होत्या, कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, तरी वाटलं की सगळ्यांना काहीतरी कळलं आहे आणि मला तेवढं कळायचं राहिलं आहे.

त्याच आठवड्यात लंकावी बाद झालं. मी लंकावीवर फार मेहनत घेतली होती. कोरडे महिने, किनाऱ्यावर होमाला परवानगी, गुजराती स्वयंपाकी, सगळं. तो म्हणाला, तिथे जाताना विमान बदलावं लागतं, सामान हरवलं तर रुखवत, साड्या, सगळंच जाईल. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, "अहो, याचं लक्ष किती बारीक आहे बघा." अण्णा चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि भलतंच बोलायला लागले.

"आमच्याकडे एक साहेब होते. त्यांच्या मशीन शॉपसाठी लेथ मशीन घ्यायचं होतं. टेंडर काढलं, कोटेशनं आली, तक्ता केला, एक मशीन अगदी हवं तसं निघालं. साहेब म्हणाले, वेग थोडा जास्त हवा. पुन्हा टेंडर. मग म्हणाले, मापं वेगळी हवीत. पुन्हा टेंडर. सहा वर्षं हेच. मी नवीन होतो, मला वाटायचं, केवढा चोखंदळ माणूस! शेवटी आमचे हेडक्लार्क म्हणाले, अरे खुळ्या, ज्याला घ्यायचं नसतं तो नाही म्हणत नाही. तो पुन्हा टेंडर काढतो. नाही म्हटलं की कारण लिहावं लागतं."

मला समजलं. लगेच समजलं, आणि म्हणूनच मी एवढी चिडले. "लग्न म्हणजे लेथ मशीन नाही, अण्णा."

"नाहीच," ते म्हणाले. "मी आपलं जुनं आठवलं ते सांगितलं."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवताना ताट उचलून खोलीत नेलं. आईने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली हे त्याला कुणीतरी सांगा.

मग मी एक बेट असं शोधायचं ठरवलं ज्याला तो नाही म्हणूच शकणार नाही. ईर्ष्येने कामाला लागले. अंदमान. पासपोर्ट नको, बेंगळुरूहून थेट विमान, पुढे हॅवलॉक बेटापर्यंत बोट. भाषा आपली, पैसा आपला. आत्यांसाठी जिना नसलेल्या खोल्या. महिना कोरडा. जेवणात वरणभात करणारा माणूस मी फोनवर बोलून पक्का केला. होमासाठी वाऱ्याच्या आड एक जागा, तिचे फोटो मागवले, गुरुजींना दाखवले, गुरुजी म्हणाले, "सरी, इथे अग्नी टिकेल." आजवर त्याने जे जे कारण काढलं होतं त्या प्रत्येकाला तिथे उत्तर होतं. तीन आठवडे मी ऑफिस सुटल्यावर हेच केलं. हे सगळं करताना मला माहीत होतं का मी काय करते आहे? होतं. म्हणून तर स्वयंपाक्याशी फोनवरचं बोलणं मी उगाच लांबवायचे.

शनिवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. रविवारपर्यंत धीर धरवला नाही. त्याच्याबरोबर राहणारा मित्र बाहेर गेला होता. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. अंदमानची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी होती. एकही लाल चौकोन नाही. तो एकेका रकान्यावरून बोट फिरवत गेला. खाली कुणाच्या तरी घराचं काम चालू होतं, फरशी कापायचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "तिथे मोबाईलला रेंज कशी असते?"

मी लॅपटॉप बंद केला.

"बेटाचं जाऊ दे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी. आमच्या घरी. सोफा पुन्हा गच्चीवर नेऊ. तुझे आईबाबा, माझे आईबाबा, गुरुजी. चार हार मी आणते. येशील?"

तो जमिनीकडे बघायला लागला. येतो म्हणायला किती वेळ लागतो? मी मनात आकडे मोजत होते, ते चाळीसच्या पुढे गेले. त्याच्या हातावर एक शीर उडत होती. मला ती शीर धरून ठेवावीशी वाटत होती. अजूनही वाटतं कधी कधी, आणि स्वतःची चीड येते.

"नाही जमणार," तो म्हणाला. मग रडायला लागला.

दुसरी कुणी नव्हती. ते मी आधी विचारलं, आणि हो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. कुणाचा तरी द्वेष करता आला असता. त्याच्या घरून विरोध नव्हता. माझं काही चुकलं नव्हतं. तो म्हणाला, "तुझ्यात काहीच कमी नाही, मला फक्त आतून तसं वाटत नाही. मला वाटलं होतं, वाटायला लागेल."

"कधीपासून?"

मग मीच एकेक नाव घेत मागे गेले. "लंकावीच्या वेळी माहीत होतं?" त्याने होकारार्थी मान हलवली. "लक्षद्वीपच्या?" हलवली. "फुकेत? श्रीलंका?" दर वेळी तो मान हलवत होता आणि नाक पुसत होता. "बालीच्या वेळी?" हो. "मॉरिशस?" हो. "मालदीवच्या वेळी?" तिथेही हो. म्हणजे आत्याच्या गुडघ्यांपासून. मालदीवच्या मागे फक्त साखरपुडा उरला होता. तो मी विचारला नाही.

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी खूश असायचीस गं," तो म्हणाला.

मी खाली आले, रिक्षा केली. रिक्षावाल्याने मीटरवर वीस जास्त मागितले, मी हो म्हटलं. माझ्यासारखी बाई रिक्षावाल्याला निमूटपणे हो म्हणते म्हणजे काय झालं असेल ते समजा. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात येत होती. प्रत्येक बेट लाल झालं की मला वाईट वाटायचं, हे खरं, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटायचं. अजून एक बेट शोधायचं आहे म्हणजे अजून एक रविवार आहे. बेटं संपली तर विचारावं लागेल, आणि विचारलं तर उत्तर मिळेल. त्याने तक्ता लांबवला हे खरं, पण भरत मीच होते.

घरी अण्णा व्हरांड्यात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपर घडी करून ठेवला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "संपलं." त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती."

"मग स्पष्ट का नाही सांगितलंत? लेथ मशीनच्या कसल्या गोष्टी सांगत बसलात?"

अण्णांचा चेहरा पडला. "तू त्या तक्त्यात इतकी रमली होतीस," ते म्हणाले. "इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती."

मी त्यांच्या अंगावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या खुशीची एवढी काळजी का आहे सगळ्यांना, असं काहीतरी. एकाला माझा आनंद मोडवेना म्हणून तो खोटं बोलत राहिला आणि दुसऱ्याला मोडवेना म्हणून तो गप्प राहिला, आणि दोघांच्या मध्ये मी तेरा महिने मूर्खासारखी हसत बसले. अण्णा उठून उभे राहिले होते. हात पुढे करावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी केला नाही, आणि मीही तो मागितला नाही.

पुढचे काही दिवस सगळ्यांना कळवण्यात गेले. ते काम आईने अंगावर घेतलं. गुरुजींना फोन केला, "मुहूर्त बेडा, स्वामी." मुहूर्त नको. चिकपेटच्या दुकानात केला. शेजारच्या अक्कांना कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. सगळं कन्नडमध्ये, अगदी स्थिर आवाजात, दूध नको असल्याचं सांगावं तसं. मी खोलीतून ऐकायची. ऑफिसात मी माझं सांगितलं होतं की आम्ही दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. अण्णा विचारणाऱ्यांना म्हणायचे, योग नव्हता. प्रत्येकाने आपापल्या सोयीचं वाक्य शोधलं होतं.

शेवटी बेळगावच्या मावशीला सांगायचं राहिलं. आईची थोरली बहीण. दोघी जन्मल्यापासून एकमेकींशी मराठीत बोलत आल्या आहेत. आईने फोन लावला आणि म्हणाली, "मदुवे निंतुहोय्तु." लग्न थांबलं. पलीकडे मावशीला बहिणीच्या तोंडून कन्नड ऐकून काही उमगेना, तिचा आवाज फोनमधून बाहेर येत होता, "काय गं? कुणाशी बोलतीयस? मराठीत बोल की माझ्याशी. काय झालं?"

आईने तोंड उघडलं. मी दारात उभी होते, मला दिसत होतं. ती शब्द शोधत होती आणि मराठी शब्द तोंडून निघत नव्हता. तिने दोनदा प्रयत्न केला. मग फोन माझ्या हातात दिला, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली.

"हॅलो," मी म्हटलं.

"अगं बाळा, काय झालं? ही बोलेना. लग्नाचं काय?"

माझ्याकडे ऑफिसातलं वाक्य तयार होतं. ते मी दहा जणांना सांगितलं होतं, पाठ झालं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "त्याला मी नको होते गं."